शेवटच्या ओळीचा खर्ज

वेल्समधल्या आमच्या गावच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"छातीत दुखतंय हे आधी सांग हं, इडवल."

"त्यासाठी कुठे आलोय मी? दोन महिने दुखतंय, दुखू दे."

"मग मला सकाळी सकाळी ओढत आणलंस कशाला?"

"रविवारी चॅपलमध्ये भजनाच्या शेवटच्या ओळीत खर्ज लावला आणि श्वासच पुरला नाही, नेस्टा. येत्या रविवारी चार गावांची मंडळी गायला येणार. काय तोंड दाखवू?"

"डॉक्टरीणबाई हृदय तपासतात रे, गाणं नाही."

"छातीचं सांगितलं तर इस्पितळात घालतील. मग खर्ज कोण लावणार? तो ग्विलिम? त्याच्यापेक्षा माझ्या मेंढ्या सुरेल."

"बरं, दम कुठे संपतो ते तरी दाखव."

"इथे?"

"हळूच."

त्याने हळूच सुरुवात केली. पण आमच्याकडे चॅपलचं भजन चार वेगवेगळ्या सुरांत गातात, आणि एकाने ते धरलं की इतरांना गप्प बसवत नाही. मनगट मोडलेल्या बाईंनी वरचा सूर लावला, तापाने फणफणलेल्या पोस्टमनने मधला, उरलेला मी. देवाचं नाव खोलीभर असं दाटलं की कुणी खोकेना. शेवटच्या ओळीला मात्र खर्ज एकदम नाहीसा झाला.

आतलं दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"खर्ज कुणाचा तुटला?"

नेस्टाने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही आत या. आत्ताच्या आत्ता."

"पण बाई, माझ्या आधी तीन जण आहेत."

"त्यांचे सूर ठीक आहेत."