दोन स्लॉट की चार

(कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. दुपार. काउंटरवर दोन खोकी. बायकोच्या खांद्यावर लेक झोपलेली, म्हणून तिघंही कुजबुजत बोलतायत.)

दुकानदार : …म्हणून म्हणतो ताई, हा छोटाच घेऊन टाका. साहेब म्हणाले ना, घरगुती वापर. घरगुतीला हा मदरबोर्ड म्हणजे डोक्यावरून पाणी.

बायको : घरगुती कोण म्हणालं?

दुकानदार : साहेब. तुम्ही बाळाची टोपी शोधत होतात तेव्हा.

नवरा : अगं, कॉम्प्युटर घरीच ठेवणार ना आपण? मग घरगुतीच की.

बायको : शिलाई मशीनही घरीच असतं. त्याच्यावर शिवून पोट भरणाऱ्या बाईला जाऊन विचार, घरगुती म्हणजे काय ते.

नवरा : हळू. ठमी उठेल.

बायको : मी हळूच बोलतेय.

दुकानदार : असं हळू आवाजात भांडणं फार वाईट दिसतं हो. पलीकडच्या काउंटरवरून बघतायत सगळे. त्यांना वाटायचं, मी चोरीचा माल विकतोय.

बायको : भांडण नाहीये. तो मोठा खोका उघडा. आणि टेप ओढू नका, कात्रीने कापा.

दुकानदार : ही कापली. खुट्ट तरी झालं का? आमच्याही जुळ्या मुली लहान होत्या ताई एकेकाळी. बिस्किटाचा पुडासुद्धा न्हाणीघरात जाऊन, दार लावून फोडायचो मी.

नवरा : बापरे. केवढा आहे हा. कॅबिनेटमध्ये मावायचा नाही.

बायको : मावतो. परवा मापून ठेवलंय मी. आतून, बाहेरून नव्हे.

नवरा : परवा मापलंस?

बायको : याला रॅमचे स्लॉट चार ना?

दुकानदार : चार. छोट्याला दोन.

नवरा : पण आपण रॅमच्या पट्ट्या दोनच घेतोय.

बायको : आज दोन.

नवरा : आज दोन म्हणजे?

दुकानदार : कसं आहे साहेब, बाकी सगळं मागाहून बदलता येतं. रॅम वाढवा, डिस्क वाढवा, कार्ड घाला. पण कुठवर वाढायचं ते बोर्ड ठरवतो. आणि बोर्डच बदलायचा म्हटलं की सगळा संसार उचलून दुसऱ्या घरी न्यायचा. नको वाटतं ते.

नवरा : पण प्रोसेसर दोन्हींवर बसतो ना? तुम्हीच म्हणालात, सॉकेट एकच आहे.

दुकानदार : बसतो की.

बायको : बसेल, पण झेपेल का? हे बघ, छोट्यावर प्रोसेसरच्या बाजूचे हे ठोकळे उघडेच आहेत. प्रोसेसरला वीज पुरवतात ते. मोठ्यावर त्यांच्या डोक्यावर धातूचं झाकण आहे, ताप बाहेर टाकायला.

दुकानदार : ताईंनी अभ्यास केलाय. खरंय साहेब. ईमेल बघायची, तिकिटं काढायची, तर छोटा जन्मभर कुरकुरणार नाही. तासन्‌तास फिल्म रेंडर करायला, म्हणजे कापून-जोडून पक्की फाइल बनवायला लावली, तर तापतो आणि रेंगाळतो.

नवरा : फिल्म कोण रेंडर करणार आहे?

बायको : तो बोर्ड जरा इकडे फिरवा हो.

नवरा : काय गं?

बायको : पोर्ट मागे किती आहेत हो याला?

नवरा : मी काय विचारलं?

दुकानदार : मी असं करतो, आतून रॅम घेऊन येतो. आमचं गोदाम म्हणजे एक जंगलच आहे. वेळ लागतो शोधायला.

बायको : थांबा ना.

दुकानदार : नाही नाही. लागतोच वेळ.

नवरा : गेला तो. बोल आता.

बायको : डायरेक्टरबाईंचा फोन आला होता. त्या होडीवाल्यांवर फिल्म करत होत्या ना? शूटिंग संपलं. एडिटिंग मी करावं म्हणतायत. घरून केलं तरी चालेल म्हणाल्या.

नवरा : कधी आला फोन?

बायको : सोमवारी. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. नाहीतर त्या दुसऱ्या कुणाला तरी देतील.

नवरा : आणि मला हे आत्ता, दुकानात उभं राहून कळतंय.

बायको : आधी सांगितलं असतं तर तू ‘बघू’ म्हणाला असतास.

नवरा : मग? बघू म्हणजे बघू.

बायको : तुझं ‘बघू’ मला लग्नाआधीपासून माहितीये. तुझ्या आईला विचार. गच्चीत दोरी बांधायचं ‘बघू’ कॉलेजात असल्यापासून चाललंय म्हणे.

नवरा : आईला मध्ये आणू नकोस. आणि तूच म्हणाली होतीस, एडिटिंग संपलं माझं, आता नको मला ते. मी ते मनावर घेतलं. म्हणून तर घरगुती म्हटलं. उगाच कुणी विचारायला नको, तुला सांगत बसायला नको.

बायको : मी म्हणाले? कधी?

नवरा : ठमीचा कान दुखत होता तेव्हा. तू बाथरूमच्या दारात उभी होतीस. केसांना शांपू तसाच.

बायको : अरे, त्या आठवड्यात मी जेवणही नको म्हणाले होते. वाढायचं बंद केलंस का मला?

नवरा : नाही.

बायको : मग?

नवरा : मला वाटलं, जेवणाचं वैतागून म्हणालीस आणि कामाचं खरं.

बायको : कशावरून?

नवरा : नंतर कधी नावच काढलं नाहीस. हेडफोनसुद्धा माळ्यावर टाकून दिलेस.

बायको : ठमी वायर चघळत होती म्हणून!

नवरा : हळू, हळू.

बायको : वायर चघळत होती म्हणून वर ठेवले. एवढंच होतं ते.

नवरा : हे मी कसं ओळखायचं?

बायको : विचारायचं.

नवरा : विचारणार होतो. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं.

बायको : मग गिळलंस का?

नवरा : तू हो म्हणाली असतीस तर ठमीला कोण बघणार, ते पुढे आलं असतं. आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. म्हणजे… मीच.

बायको : हं.

नवरा : हसतेयस कशाला?

बायको : हसत नाहीये. एवढं खरं बोलशील असं वाटलं नव्हतं.

नवरा : मला तिला झोपवता येत नाही गं. माझ्याकडे आली की मान वळवून वळवून तुलाच शोधते. मला चोरासारखं होतं.

बायको : मला तरी कुठे येत होतं? पहिला महिनाभर आम्ही दोघी मिळून रडायचो. तू ऑफिसात असायचास, म्हणून तुला दिसलं नाही.

नवरा : सांगितलं नाहीस कधी.

बायको : हे आपलं दोघांचंही आहे बघ. सांगायचं सोडून सगळं करतो.

नवरा : शनिवार-रविवार मी बघतो तिला. रोज संध्याकाळी आल्यापासून ती झोपेपर्यंतही मीच.

बायको : आणि दुपारचं?

नवरा : दुपारचं काही सुचत नाहीये.

बायको : मलाही नाही.

नवरा : तुझ्या आईला विचारूया? की आपल्या शेजारच्या काकूंना?

बायको : काकू तिला दिवसभर टीव्हीसमोर बसवतील. पण विचारू. दोघींना विचारू.

दुकानदार : रॅम सापडली बरं का. की अजून थोडा वेळ हरवू दे?

बायको : या या. एक सांगा, यातलं बायोसचं सॉफ्टवेअर नवीन आहे का? प्रोसेसर माझ्या भावाने दिलाय आणि तो या बोर्डापेक्षा नवा आहे. बोर्डाने ओळखलाच नाही तर स्क्रीन काळीच राहायची.

दुकानदार : छातीठोक सांगू शकत नाही ताई. लावून बघायला हवा. आणलाय प्रोसेसर?

बायको : पिशवीत आहे. डायपरच्या खाली, डबीत.

दुकानदार : सुरक्षित जागा. आण साहेब ती डबी इकडे… आणा, आणा, म्हणजे. चुकून बोललो. हा बसवला. ही रॅम. हा पंखा. पण एक आहे, सुरू झाला तर ‘टीं’ करतो. बारीकसाच, पण करतो.

नवरा : स्पीकर काढून ठेवा ना.

दुकानदार : स्क्रीन लावलेली नाही साहेब. ‘टीं’ केल्याशिवाय त्याने ओळखलं की नाही, हे कळायचं कसं?

बायको : करू दे. लावा.

नवरा : मी तिच्या कानावर हात धरतो.

बायको : एकाच कानावर धरलायस.

नवरा : दुसरा तुझ्या खांद्यात आहे.

दुकानदार : बटण दाबतोय हं. दाबलं… पंखा फिरला… थांबा… थांबा… झालं! ऐकलंत? ओळखला!

बायको : ओळखला! आणि ही पण उठली. ए ठमे, काही नाही गं, काही नाही. झालं, झालं.

दुकानदार : अरेरे. आता तरी नेहमीच्या आवाजात बोलू का? घसा बसला माझा. साहेब, मग कुठला बांधून देऊ?

नवरा : मला काय विचारताय? काम त्यांना करायचंय.

बायको : मोठा द्या. आणि पट्ट्या बसवायच्या कुठल्या स्लॉटमध्ये ते दाखवून ठेवा, घरी मीच जोडणार आहे. थांब गं ठमे, एक मिनिट, दादांना विचारू दे ना मला.

नवरा : आण तिला इकडे.

बायको : रडेल रे ती.

नवरा : रडू दे. आण. ये गं बाई, ये… अशी. तू नीट विचारून घे सगळं. आम्ही बाहेर पायरीवर बसतो. आवाज आला तरी लगेच धावत येऊ नकोस.