खोटी पन्नास मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, तिकीट खिडकीवरचे माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसलेले काका,

माझं सगळं फिरलं ते गेल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, खिडकी नंबर तीनवर. त्या वेळी मी एक वजाबाकी केली.

आज ज्यांना आपण निरोप देतोय, त्या मॅडम उद्या विमानाने दुसऱ्या देशातल्या शहरात जायच्या आहेत, तिथल्या शाखेच्या प्रमुख म्हणून. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणतात. मी एकटा मॅडम म्हणतो. का, ते कृपया विचारू नये. हसू नका, साहेब!

कॉलेज दुसऱ्या वर्षी अर्धवट टाकून, सरांशी भांडून मी इथे आलो. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकावर ओरडलो, तर मॅडम म्हणाल्या, "अरे, इथे तिकीट फाडायचं असतं, माणूस नाही."

तर मंगळवारी काका आले. काका म्हणजे मॅडमचे वडील, शिवणकाम करतात. मुलीला लांब पाठवायला साफ नकार. "किलोमीटर नको, वेळ सांग," म्हणाले. मी वेळापत्रक बघितलं. विमान सुटतं नऊला, पोचतं नऊ पन्नासला. "पन्नास मिनिटं, काका!"

"एवढंच? दुकानात जायला मला तेवढीच लागतात. जाऊ दे तिला."

संध्याकाळी मॅडमनी मला समोर बसवलं. "अरे शहाण्या, वेळापत्रकात प्रत्येक वेळ त्या त्या शहराची असते. तिथलं घड्याळ आपल्या दोन तास मागे. म्हणजे झाले दोन तास पन्नास मिनिटं." वजाबाकी तरी शिकून मग कॉलेज सोडायला हवं होतं. पण मी भडकलो, वेळापत्रक छापणाऱ्याचा उद्धार केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाबांना तूच सांगायचंस. खोट्या पन्नास मिनिटांवर मी विमानात बसणार नाही."

चार दिवस मी गप्प. का? न सांगितलं तर त्या जाणार नाहीत. सांगितलं आणि काका बिथरले, तरी जाणार नाहीत. दोन्हीकडून फायदा माझाच! पण काल मॅडम नव्या शाखेतल्या खुर्च्या कुठे मांडायच्या, ते कागदावर काढत होत्या. खोडत होत्या, पुन्हा काढत होत्या. मला तो फायदा पचेना.

काका, आता नीट ऐका. सरळ रेषेत दोन हजार किलोमीटर. विमानात दोन तास पन्नास मिनिटं; येताना वारा पाठीशी, म्हणून दहा कमी. तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत साडेसहा तास. यातलं एक मिनिट मी कापलेलं नाही.

काय म्हणालात? मोठ्याने बोला, काका. "म्हणजे हाक मारली की येणार नाही." नाही, काका. त्याच दिवशी येतील, त्याच तासाला नाही.

तिकीट सहापर्यंत रद्द करता येतं. आता पाच वाजलेत. ठरवायचं बाप-लेकीने. माझं मत विचाराल, तर जाऊ द्या त्यांना. पण माझा चेहरा माझं ऐकत नाही. इथे थांबला तर उलटं मत देईल, म्हणून त्याला बाहेर नेतो.

साहेब, मला बोलू दिलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर पोरगा तापट आहे म्हणून सोडून द्या. मॅडम, येतो.

दार ओढून घेतोय. कडी लावत नाही.