पाणी आपलंच समजा

...आणि म्हणून म्हणतो, तुम्हाला सांगतो, हल्ली बोलायची सोय राहिली नाही! पाहुण्याला 'या, बसा' म्हणायचीसुद्धा चोरी. उद्या तो बसलेली खुर्ची स्वतःच्या नावावर मागेल, आणि निकाल कुठे लागेल? पुण्यात नाही, मुंबईत नाही, दिल्लीतही नाही... परदेशात, बर्फात. तुम्ही हसताय. आमच्या शेजारचे तात्याराव हसत नाहीत. त्यांच्या एका वाक्यावर परदेशी कंपनीने आपल्या सरकारला पंचांपुढे खेचलं. एका वाक्यावर!

त्याचं असं झालं. हडपसरच्या पलीकडे आमचं गाव. आता महापालिकेत गेलंय, तेव्हा नुसतं गाव होतं आणि तात्याराव सरपंच. देशाची दारं नुकतीच उघडली होती, रोज कुणी ना कुणी साहेब जमीन बघायला यायचा, आणि आमच्या वाट्याला फळांचा रस बाटलीत भरायचा कारखाना आला. उद्घाटनाला मांडव, फेटे, सनई. आता तात्याराव मूळचे तंद्रीतले. विहिरीच्या काठावर बसले की जेवायला हाक मारावी लागते, आणि हाक मारली तरी उठतो तो निम्माच माणूस, निम्मा तिथंच पाण्यात बघत राहतो... तर ते माईकपुढे उभे राहिले. डोळ्यांपुढे पोरांच्या नोकऱ्या, गावाचा रस्ता, आणि शेजारी तो गोरा साहेब, उन्हानं लालबुंद, घामानं निथळतोय. तात्यारावांना त्याची माया आली. म्हणाले, "सायेब, लांबनं आलायसा. गाव आपलंच समजा. हिरीचं पाणी बी आपलंच समजा."

टाळ्या पडल्या. कुणीतरी साहेबाच्या कानात त्याचं इंग्रजी केलं, साहेबानं मान डोलावली, व्हिडिओवाल्यानं सगळं टिपलं. तेव्हा बोलायची सोय होती हो!

पुढे वर्षं गेली. शेतांतून काचेच्या इमारती उगवल्या, पोरंपोरी गळ्यात पट्टे अडकवून कॉम्प्युटरपुढे बसायला लागली, कारखान्याच्या बोअर खोल खोल जात राहिल्या, आणि विहिरी... विहिरींत दगड दिसायला लागले. टँकर आला की बायका हंडे घेऊन धावायच्या. शेवटी सरकारनं हुकूम काढला की कारखान्यानं जमिनीतलं पाणी उपसायचं नाही. गाव खूश. कंपनी म्हणाली, असं कसं? आमच्या आणि तुमच्या सरकारांत करार झालाय, आमच्या माणसानं तुमच्याकडे पैसा गुंतवला तर त्याला नीट वागवायचं, नाहीतर परदेशातल्या पंचांपुढे यायचं. आम्ही इथे आलो ते पाण्याच्या भरवशावर. बरं, भरवसा दिला कुणी? लावा तो व्हिडिओ. आणि पडद्यावर कोण? आमचे तात्याराव, फेट्यात, "आपलंच समजा"!

मग बोलायची सोय राहिली का, तुम्हीच सांगा. चहाच्या टपरीवर माणसं तात्यारावांकडे पाठ करून बसायला लागली. याच्या जिभेनं गावाचं पाणी दिलं, असं एकदोघं ऐकू जाईल इतपत बोललेही. आणि खोटं तरी काय होतं? सरकार हरलं तर नुसत्या भरपाईवर भागणार नव्हतं. उद्या कुठल्याही कारखान्याचा उपसा थांबवताना अधिकाऱ्यानं दहादा विचार केला असता. तात्यारावांच्या पत्नी सोजरबाई मात्र हंडा जरा जोरात ठेवायच्या, इतकंच.

तात्यारावांना स्वप्नं पडायला लागली. दुपारी डोळा लागला की विहीर काठोकाठ भरलेली, आणि काठावर तिघं पंच काळ्या कोटात, पाय पाण्यात सोडून निवांत बसलेत. तात्याराव म्हणतात, उठा. ते म्हणतात, आपणच बसवलंत... जागे झाल्यावर मला सांगायचे, "लई गार पाणी हुतं." पंचांवर राग नाही, काही नाही. पाणी दिसलं, याचंच सुख!

तात्यारावांची साक्ष इथूनच होती, एका आयटी पार्कातून, व्हिडिओवर. मी सोबत गेलो. सरकारच्या बाजूची वकील राजनंदिनी, तरुण, हुशार पोरगी. लिफ्टमध्ये तिनं तात्यारावांना पुन्हा पुन्हा बजावलं, की विचारतील तेवढंच सांगा, आणि मनापासून बोललात का असं आलं तर सवयीनं बोललो म्हणा, झालं. तात्याराव हो हो म्हणत होते, पण बघत होते काचेतून खाली. तिथे कधीकाळी त्यांचा हरभरा होता.

पडदा उजळला. तिघं पंच, त्यांच्यामागे भली मोठी खिडकी, आणि खिडकीबाहेर बर्फ. असा सावकाश पडत होता, जणू पोहोचायची घाईच नाही... तात्यारावांची नजर तिथेच अडकली. कंपनीचा वकील गोड आवाजात बोलायचा, दुभाषी बाई मराठी करायच्या. हे वाक्य आपण बोललात का? बोललो. नुसती पद्धत म्हणून, की मनापासून?

राजनंदिनीनं तात्यारावांकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं.

"मनापासनं," तात्याराव म्हणाले. "पाव्हण्याशी खोटं कशाला बोलू? घर आपलंच समजा म्हणतो आपण. पाव्हणा चहा पितो, निरोप घेतो. घर उचलून न्हेत न्हाई."

दुभाषी बाई अडखळल्या. 'समजा'चं इंग्रजी काय करणार? दिलं असंही नाही, दिलं नाही असंही नाही. बोलायची सोय नाही म्हणतो ते हेच! मधल्या पंचानं विचारलं, आणखी काही सांगायचंय? तात्याराव खिडकीकडे बघत म्हणाले, "ते पडतंय न्हवं, ते इतळल्यावर त्येचं पाणी कुणाचं?"

तिघांनीही वळून खिडकीबाहेर पाहिलं. पडद्यावर नुसता बर्फ... मी तर खटलाच विसरलो, तुम्हाला सांगतो.

उतरताना राजनंदिनी नुसती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून आम्ही समजलो, संपलं. त्यानंतर तात्यारावांनी टपरी सोडली. विहिरीवर जायचे, कोरड्या दगडांकडे बघत बसायचे, आणि सोजरबाईंच्या हाकेला पूर्वीपेक्षाही उशिरा उठायचे.

निकाल लागला तेव्हा राजनंदिनी स्वतः घरी आली, पेढे घेऊन. सरकार जिंकलं होतं, बंदी कायम! तात्यारावांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "म्हंजे माझं बोलणं पटलं त्यास्नी?"

पोरगी घुटमळली. मग हळूच सांगितलं तिनं. पंच म्हणतात, साक्षीदार सच्चा आहे, मनापासून बोलला यात शंका नाही. पण पाण्याबद्दल शब्द द्यायचा त्याला अधिकारच नव्हता, आणि त्याच्या शब्दावर कुण्या शहाण्या माणसानं विसंबायला नको होतं.

तात्याराव हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले. आतून सोजरबाईंचा आवाज आला, अगदी शांत.

"येवढंच हुतं व्हय? मंग तितक्या बर्फात कशाला बसले ते? लगीन झाल्यावर आठ दिसांत कळलं हुतं मला."