फळ्याले हार

नाई नाई साहेब, ते बटन दाबून काही होत नाई, लाईनच गेली हाये — येते, पंधरा-वीस मिनिटांत येते, तवर पोरायची खिचडीही होऊन जाते — बसा ना. तुमचा तो फॉर्म टेकवा इथी. चौथी पातळी भरली ना आमच्या शाळेनं? मीच भरली. मी प्रभाकर देवतळे, सातवीचा मास्तर, रोज अल्लीपूरहून गाडीवर येतो. अन् तुम्ही वर्ध्याहून तपासाले आले, पातळी खाली निघाली तं हा डिजिटल फळा उचलून दुसऱ्या शाळेले देणार — पत्र वाचलं मी, तीनदा वाचलं. हसून काऊन राह्यलो? काय सांगू, सकाळपासून असंच होऊन राह्यलं. भेव वाटलं का मले हसू येते. माह्या लग्नातही हसत होतो, सासरे घाबरले.

पातळ्या तोंडपाठ हायेत, विचारा पाह्यजे तं. पहिली — खडूच्या जागी मशीन, बाकी जैसे थे. दुसरी — काम तेच, पण जरा सोपं. तिसरी — शिकवायची तऱ्हाच बदलते. अन् चौथी — मशीन नसतं तं झालंच नसतं असं काम, तेही पोरायनं स्वतः केलेलं. झालं? आता तुम्ही म्हणसान, मंग दाखवा. दाखवतो ना. म्हणजे मी नाई, पोरं दाखवतील. मी काऊन नाई? तसं काही नाई, मीसुद्धा — पाणी घेता का थोडं?

खरं सांगू? पण लिहू नका, पेन ठेवा पहिले. हा फळा आला दसऱ्याच्या चार दिवस आधी. आता दसऱ्याले आपण विळा पुजतो, नांगर पुजतो, मोटारसायकल पुजतो, मंग यानंच काय घोडं मारलं? आमचे बबनराव, शाळा समितीचे अध्यक्ष, त्यायनं घरच्या झेंडूचा हार आणला — हा एवढा जाड — अन् चौकटीवरून समोर सोडला. नारळ फुटला, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी चालू करतो तं काय, कोणाचा हात नाई अन् फळ्यावर रेघा निघून राह्यल्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. पान आपोआप पलटे. मी म्हटलं बिघडला, बबनराव म्हणाले देव पावला, अन् पोरं तं खुशीनं नाचाले लागली — आठ दिवस शिकवणं नाई, नुसती जत्रा. पंखा लावला का रेघा जास्त, बंद केला का कमी, एवढं डोळ्यानं दिसे, तरी डोक्यात उजेड पडला नाई. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली माही.

उजेड पडला काजलच्या डोक्यात. सातवीची पोरगी, खिचडी शिजवते त्या रुख्माबाईची नात. तिनं भर वर्गात सांगितलं — सर, हार हलला का फळ्याले बोट लागल्यासारखं वाटते, हार काढा. काय केलं असन मी? शाबासकी? बाहेर उभं केलं तिले. देवाच्या हाराले हात लावतं काय म्हणून. खोटं साहेब, साफ खोटं, देवाचं नाव नुसतं पुढं केलं मी. तिले समजलं अन् मले नाई समजलं, याचा राग होता तो. तासभर उन्हात उभी होती पोरगी. हे आठवलं का हसू येत नाई मंग.

अन् फॉर्म? फॉर्म त्याच आठ दिवसांत भरला ना. शेवटची तारीख होती. समोर हार घातलेला फळा आपल्या मनानं रेघा ओढून राह्यला, अन् मी चौथ्या पातळीवर टिक केली. म्हटलं पोरं नाई तं नाई, फळा तरी स्वतः करून राह्यला काही तरी. फळाच घेऊन जातील असं कुठी माहीत होतं तवा?

थांबा, पूर्ण ऐका. काजलले उभं केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी पंक्चर झाली, उशिरा पोचलो. तं वर्ग शांत. दारातून पाह्यलं — हार काढून टेबलावर नीट घडी करून ठेवलेला, अन् काजल फळ्यावर गावाचा नकाशा काढून त्याच्यात एकेक विहीर मांडून राह्यली, बाकीची पोरं सांगून राह्यली, आमची इथी, आमची तिथी. माफी मागावी वाटली मले तवाच. जीभ वळली नाई, अजूनही नाई वळली. तवापासून दर शनिवारी पोरं विहिरीयचं पाणी मोजतात, इथी आलेख चढवतात, आंजी गावच्या शाळेची पोरं तिकडून नेटवर त्यायच्या गावचा चढवतात, अन् मंग दोन्ही गावं याच फळ्यावर समोरासमोर भांडतात — पाणी तुमचं काऊन टिकलं, आमचं कुठी गेलं. बबनरावाची विहीर सगळ्यात कोरडी निघाली, चार दिवस माह्याशी बोलले नाई. पण ग्रामसभेत तोच आलेख घेऊन उभे राह्यले. सांगा, खडूनं झालं असतं हे?

अन् मी काय करतो? विचारलंच तुम्ही. मले हा फळा चालू करता येते साहेब. बंद कराले काजल लागते. बस, एवढीच पातळी हाये माही. पण तुमच्या फॉर्मात एकच चौकोन काऊन? दोन पाह्यजे होते — मास्तरचा वेगळा, पोरायचा वेगळा. माह्या चौकोनात शून्य लिहा, आत्ता सही करतो, पगारवाढ थांबवा, काहीही करा. पोरायची पातळी मात्र डोळ्यानं पाहून लिहा. मी खोटं भरलं होतं, त्यायनं खरं करून दाखवलं. माह्या खोट्यासाठी त्यायचा फळा नेऊ नका.

आली पाहा लाईन, पंखा फिरला. पोरंही आली. काजल, कर सुरू बाप्पा. साहेब, तुम्ही ती खुर्ची घ्या, उठा जरा — हा बाक माहा हाये. हो, इथीच बसतो मी, पियुषच्या बाजूले. आता बोलू नका, तासात बोललेलं चालत नाई तिले.