पाहुण्यांसाठी साफ केलेला प्लॉट

हसू नका, पण चूक माझीच होती. बारामतीत आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही वर्षभर गावठी गवत वाढवलं होतं, पाखरं परत यावीत म्हणून. त्यासाठी मीटिंगा घेतल्या, घरोघर पत्रकं वाटली. शेजारच्या कॉलनीचे लोक ते बघायला येणार होते. आदल्या दिवशी मी आमच्या माळ्याला, सुलेमानचाचांना, एवढंच म्हणालो, "चाचा, उद्या पाहुणे येणारेत प्लॉट बघायला."

सकाळी जाऊन बघतो तर प्लॉट चकाचक! कमरेएवढं गवत भुईसपाट, कडेनं चुन्याची फक्की मारलेली, आणि चाचा घामाघूम होऊन खुशीत उभे.

"चाचा, हे काय केलंत?"

"पाव्हणं येणार म्हणला न्हवं? मग दारात एवढं रान माजलेलं बरं दिसतं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मधोमध उभा असलेला गवताचा एकच झुबका दिसला. त्याच्याभोवती चाचांनी चार विटाही लावल्या होत्या.

"मग हा का ठेवलात?"

चाचांनी आवाज एकदम खाली आणला. "हळू बोला, सायेब. आत लाव्हरी अंड्यावर बसलीय. तिचं घर कसं मोडू?"

"अहो, तिच्यासाठीच तर हे सगळं गवत वाढवलं होतं!"

चाचांनी हातातला विळा खाली ठेवला. सगळ्या प्लॉटवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "मग वरीसभरात येकदा मलाबी सांगायचं हुतं की, सायेब."