तांदळाच्या पोत्यातले टॅब

आमच्या शाळेत पोरांना शिकायला टॅब आले, त्याचं काय झालं ऐका. मी तिथं खिचडी शिजवते. सुट्टीत पाण्याची टाकी वाहिली आणि कपाटातले सगळे टॅब भिजले. सोमवारी मी तांदूळ काढायला गेले, तर हेडमास्तर आडवे आले.

"मावशी, पोत्याला हात लावू नका. आत टॅब पुरलेत. तांदूळ पाणी ओढतो."

"आवं सर, मग ताटात काय वाढू? चार्जर?"

"दोन दिवस घरून डबा आणतील."

पहाटे ऊस तोडायला गेलेल्या आया डबा कवा करणार? पोरं उपाशीच बसली.

तिसऱ्या दिवशी टॅब काढले. एक बी सुरू झाला न्हाई. मी लगेच आधण ठेवलं.

सर म्हणाले, "थांबा मावशी, अजून दोन दिवस ठेवून बघू."