चक्कीवर आलेला गडी

बीडच्या बाजारात विलायती इंजिनाची चक्की आली, त्याच साली शहादेवची बायको वारली. आज ज्वारीचं गाठोडं घेऊन तो पहिल्यांदाच दळणाच्या रांगेत उभा होता. पुढं पालीच्या दोघी जावा होत्या, थोरली केसरबाई आणि धाकटी तुळजाबाई.

“अक्का, मागं बघा. गडी आलाय दळायला.”

“हळू बोल. ऐकतोय त्यो.”

“ऐकू द्या. जात्यावर कधी गडी बसल्याला पाह्यला का? सायबानं समुद्रापल्याडून इंजिन धाडलं, तवा कुठं गड्याच्या डोक्यावर दळण आलं.”

“समद्यांच्या कुठं? आपले धनी पारावर बसलेत. वरून म्हणत्यात, इंजिनाच्या पिठाला जात्याची चव न्हाई.”

“मंग बसा म्हणावं जात्यावर.”

“तू म्हण. मला त्या घरात नांदायचंय.”

“खरं सांगू अक्का? याच्या बायकोचा लई राग येतोय मला. पडली आसंल निवांत. हात बी दुखत नसतील तिचे.”

“आसतं एकेकीचं नशीब.”

“गाठोडं बघा कसं नीट बांधलंय. आमच्याकडं पाण्याचा तांब्या बी हातात द्यावा लागतो. ओ दादा, घरी गेल्यावर वहिनीला सांगा. म्हणावं, पालीची एक बाई लई जळती तुमच्यावर.”

शहादेवनं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“सांगतो,” तो म्हणाला.